माझ्या गळ्यातली चिंधी

मित्रांनो, क्षणभर अशी कल्पना करा की तुम्हाला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, पण तोंडातून पाण्याशिवाय काहीच बाहेर पडत नाही. समोर एका मुलीला न केलेल्या चुकीबद्दल बोलणी बसत आहेत. खरं काय घडलं ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही मात्र भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले आहात. केलीत कल्पना? मग माझी चिडचिड तुम्हाला समजेल.

मी एक जुनी झारी आहे. जस्ती पत्र्याची, लांब मानेची, तोंडावर बारीक भोकांची चाळणी असलेली. माझा जन्म १९९१ सालचा, जुन्नरच्या बाजारपेठेतला. तिथे गेणभाऊ नावाचे कारागीर पत्र्याचं काम करत. त्यांनी पत्रा कापला, लाकडी हातोडीने ठोकून गोल केला, सांधे डाग देऊन जोडले आणि चाळणीला एक एक भोक खिळ्याने पाडलं. मग माझ्यात पाणी भरून मला उंच धरलं. मला विकत घ्यायला आलेले सावळाराम समोरच उभे होते. गेणभाऊ त्यांना म्हणाले, "बघा पावणं, रोपाला कळायचं बी न्हाई पाणी कवा पडलं ते."

सावळारामांना ते पटलं. पटणारच, कारण त्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेत तीस वर्षं रोपांनाच पाणी घातलं होतं. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि घोडेगावच्या पश्चिमेला, घोड नदीच्या अलीकडे, आपल्या शेतात चार खोल्यांचं घर बांधून राहू लागले. सगळे त्यांना आबा म्हणत.

त्या घरात दोन गोष्टी भरपूर होत्या. एक झाडं. अंगणात कढीपत्ता, लिंबू, मोगरा, दोन पेरू, आणि त्यापलीकडे रोपांचे वाफे. दुसरी पुस्तकं. आबा जेमतेम सातवी शिकलेले, पण पुस्तकांचं वेड जबर. आसपासच्या शाळेतल्या कुणा गुरुजींच्या बदलीचा टेम्पो भरायला लागला, की आबा एक रोप हातात घेऊन तिथे हजर. टेम्पोत न मावणारी पुस्तकं आबांच्या पिशवीत यायची आणि रोप गुरुजींच्या मांडीवर बसून नव्या गावाला जायचं. अशा पुस्तकांनी एक लोखंडी कपाट भरलं होतं.

उन्हाळ्यात घराचा नियम ठरलेला होता. सकाळी आणि ऊन उतरल्यावर झाडांना पाणी, दुपारी पुस्तकं. भर उन्हात झाडाला पाणी घालायचं नाही. आबा म्हणायचे, "दुपारचं झाडाला पाजायचं न्हाई आन् माणसाला झोपू द्यायचं न्हाई."

ती माझी चांगली वर्षं होती. मी सकाळ-संध्याकाळ फिरायचे, माझं कौतुक व्हायचं, काम झालं की मला पालथी घालून निथळत ठेवायचे. मग घरात रबरी नळी आली. मग उसाला आणि टोमॅटोला ठिबक आलं. मला कुणी फेकून दिलं नाही, एवढंच. माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे ठेवले गेले. एका कोंबडीने तर तीन दिवस माझ्यात अंडी घातली, आणि मित्रांनो, कोंबडीला जागा सोड म्हणून सांगायचीही मला सोय नव्हती. पुढे माझ्या मानेचा आणि चाळणीचा सांधा निसटला, तिथून पाणी गळू लागलं. आबांच्या सुनेने, शीलाकाकूने, जुन्या सुती लुगड्याची एक चिंधी फाडून त्या सांध्यावर घट्ट गुंडाळली. गळती थांबली. ही चिंधी लक्षात ठेवा. सगळा घात तिनेच केला.

मग २००४ च्या उन्हाळ्यात हर्षाली आली. आबांचा थोरला मुलगा भोसरीला कंपनीत होता, त्याची ही मुलगी, सहावीत जाणारी. त्या वर्षी आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, उन्हात जायचं नाही, वाचायचं नाही. म्हणून हर्षाली दुपारी पडवीत बसून त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. आबांच्या एवढ्या लाडक्या दुपारी तिच्या आवाजावर चालत होत्या.

तिनेच मला खिळ्यावरून काढलं, चिमटे ओतले, चिखल खरवडला. "एवढी छान झारी आणि चिमटे ठेवता होय काकू?" ती म्हणाली. पूर्ण भरली तर तिला उचलायची नाही, म्हणून ती मला अर्धीच भरायची आणि दुप्पट फेऱ्या मारायची. आबांच्या धाकट्या मुलाने, म्हणजे शीलाकाकूच्या नवऱ्याने, सुदर्शनकाकांनी, टोमॅटोच्या रोपांचे तीन वाफे टाकले होते. जूनच्या तोंडाला त्याच रोपांची शेतात लागण व्हायची होती. ते वाफे काकांनी तिच्या हवाली केले. मला तर दहा वर्षांनी नोकरी परत मिळाल्यासारखं झालं.

आता तिची चूक सांगते. लपवणार नाही. एका रविवारी ती सकाळीच पुस्तकात अशी बुडाली की पाणी घालायचं राहिलं. आठवण झाली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. ती घाबरली आणि तशीच मला घेऊन धावली. भर दुपारी तिने तिन्ही वाफ्यांना पाणी घातलं. कढीपत्त्यामागे वाफ्याचा एक कोपरा होता, तिथे माझी मान पोचायची नाही. तिथल्या रोपांना तिने नेहमीप्रमाणे तांब्याने पाणी घातलं. शीलाकाकूने ते पाहिलं आणि दटावलं, "अगं, नियम ठाऊक हाय ना तुला?" हर्षालीने मान खाली घातली. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शनकाका घाईत होते. त्या दिवसांत वीज कधी यायची आणि कधी जायची याचा नेम नसे. मोटार चालू होती, उसाला पाणी लागलं होतं, आणि तेवढ्यात त्यांना बांधावरच्या गाजरगवताला तणनाशक मारून घ्यायचं होतं. पाठीवरचा पंप त्यांनी भरला, दांडा मारला, तर नोझल तुंबलेलं. काकांनी फुंकून पाहिलं, काडी घालून पाहिली, दोन शिव्या घातल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

त्यांनी पंपातलं औषध माझ्यात ओतलं. मित्रांनो, मला तो वास अजून आठवतो, जळक्या रॉकेलसारखा उग्र. मी बांधावर ते औषध शिंपडलं, कारण मला दुसरं काय येतं? काम झाल्यावर काकांनी मला पाटाच्या पाण्यात दोनदा खळबळून धुतलं आणि परत खिळ्याला अडकवलं. पोट माझं धुतलं गेलं, पण गळ्यातली चिंधी कुणी सोडली नाही. तिने ते औषध पोटभर पिऊन घेतलं होतं.

संध्याकाळी हर्षालीने मला नेहमीसारखं भरलं. मी ओरडत होते, घालू नकोस, घालू नकोस. बाहेर काय पडलं? पाणी. गेणभाऊंनी पाडलेल्या प्रत्येक भोकातून बारीक, सुरेख पाणी. चिंधीतून थोडं थोडं विष त्या पाण्यात उतरत होतं आणि माझ्या हातांनी, नव्हे, माझ्या तोंडाने ते कोवळ्या रोपांवर पडत होतं.

दोन दिवसांत रोपांच्या माना वाकड्या झाल्या. देठ पिळवटले, पानं वळून अरुंद झाली. चौथ्या दिवशी तिन्ही वाफे आडवे.

सुदर्शनकाका वाफ्याशी उकिडवे बसले. त्यांनी एक आडवं रोप बोटांनी उचलून पाहिलं. मग म्हणाले, "हर्षे, रविवारी दुपारचं पाणी घातलंस का तू?"

"घातलं, काका."

"का?"

"वाचत होते. राहून गेलं."

"वाचत होते," काका म्हणाले. "आता ही समदी रोपं वाचून काढ."

शीलाकाकू मध्ये पडली. "पोर हाय ती. जरा दमानं घ्या."

"दमानंच घेतोय. दमानं घ्यायचं नसतं तर आज एसटीत बशिवली असती." काका उठले, घरात गेले, लोखंडी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. "आबा, रागावू नका. आता एकच पुडी बी उरलंय. ते पुन्हा टाकतो. ते बी गेलं तर अवंदाच्या टमाट्याचं नावच सोडा. हिनं पाण्याला हात लावायचा न्हाई आन् पुस्तकाला बी न्हाई."

आबा पडवीत पट्टी बांधून बसले होते. रोपं त्यांना दिसत नव्हती, कुणी सांगेल ते खरं मानायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. ते म्हणाले, "पोरी, चुकलीस खरी." एवढंच. हर्षाली रडली नाही. तिला वाटत होतं की चूक खरंच तिची आहे, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी खिळ्यावर लटकत होते. एक थेंब माझ्या चाळणीतून खाली पडला. कुणी पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी दुसऱ्या दिवशी नवे वाफे केले आणि उरलेलं बी टाकलं. वर ओलं गोणपाट अंथरलं. बी उगवेपर्यंत गोणपाटावर हातानेच पाणी शिंपायचं असतं. आठवड्याने कोंब वर आले की गोणपाट काढायचं आणि मग झारीने पाणी सुरू. मित्रांनो, माझी अवस्था लक्षात घ्या. आठ दिवसांनी तेच विष मी पुन्हा शिंपडणार होते, आणि या वेळी तर पुढे बीच नव्हतं. सकाळ झाली की मी एक दिवस कमी करायचे. दुसरं काहीच माझ्या हाती नव्हतं. घरातले येता-जाता माझ्याकडे बघायचे, आणि मी आपली भिंतीवर शहाण्यासारखी गप्प.

दुपारी आता पडवीत आवाज नसायचा. आबा पट्टी बांधून बसायचे, हर्षाली त्यांच्या पायाशी. एकदा आबा म्हणाले, "काय वाचत व्हतीस त्या दिवशी?"

"प्रयोगांचं पुस्तक. कव्हर फाटलेलं."

"काय व्हतं त्यात?"

"एखाद्या गोष्टीचं कारण शोधायचं असेल, तर बाकी सगळं सारखं ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. मग काय होतं ते बघायचं."

"बरं लिवलंय," आबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी शीलाकाकूने तिला कढीपत्ता आणायला पाठवलं. ती कढीपत्त्यामागे गेली आणि तिथेच थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकूने हाक मारली, "अगं, झाड उपटून आणतीस का काय?" पण हर्षाली जुन्या वाफ्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथली सात-आठ टोमॅटोची रोपं ताठ उभी होती. हिरवीगार.

ती पुटपुटली, "रविवारी दुपारी इथंपण पाणी घातलं होतं मी."

मला वाटलं, आता सुटले. हाच तो धागा, ओढ. पण मुलगी धावत कुणाला सांगायला गेली नाही. एकदा चूक केल्यामुळे आता आपलं कुणी ऐकणार नाही, असं तिला वाटत असावं. ती तिथेच बसून राहिली. ऊन तेच, वेळ तीच, माती तीच. वेगळं काय? तिने तांब्याकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तेरा वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

मोरीच्या पाण्यावर टोमॅटोची रोपं आपोआप उगवलेली असतात, तुमच्याही घरामागे असतील. तिने त्यातली सहा सारख्या उंचीची रोपं मातीसकट काढली आणि सहा करवंट्यांत लावली. दोन दिवस ती जीव धरेपर्यंत सावलीत ठेवली. मग काका शेतावर गेले की ती मला खिळ्यावरून काढायची. पाण्याला हात लावायचा नाही असं तिला सांगितलं होतं, आणि ती ते मोडत होती. शीलाकाकूने एकदा पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"काकू, मला बोल, पण आत्ता नको. परवा बोल."

काकू कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला काय दिसलं न्हाई. माझी भाकर करपती तिकडं," आणि आत गेली.

तीन करवंट्यांना तांब्याने पाणी, तीन करवंट्यांना माझ्यातून. सारखंच पाणी, मोजून. खरं सांगते, तेव्हा माझं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. रोपं वाकडी व्हावीत म्हणजे खरं बाहेर येईल, आणि माझ्या पाण्याने रोप वाकडं व्हावं असं मला कसं वाटावं? पण व्हायचं ते झालं. दोन दिवसांनी माझ्या पाण्याची तिन्ही रोपं पिळवटली. तांब्याची तीन हसत उभी.

आठव्या दिवशी सकाळी काकांनी गोणपाट उचललं. खाली पांढरट हिरवे कोंब दाटीने वर आले होते. आबांची पट्टी आदल्या दिवशी निघाली होती, काळा चष्मा लावून ते अंगणात उभे होते. काकांनी मला भरलं, उचललं आणि वाफ्यावर वाकवलं. माझ्या मानेत पाणी आलं, चिंधीपर्यंत पोचलं.

"काका, थांबा. झारीनं घालू नका."

काकांचा हात थांबला. "आता आनि काय?"

हर्षाली घमेल्यात सहा करवंट्या घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. ती म्हणाली, "या तीन तांब्याच्या. या तीन झारीच्या. माती एक, जागा एक, वेळ एक. ऊन कुणालाच लागलं नाही, सावलीत होत्या. आणि कढीपत्त्यामागची रोपं बघा. त्यांना त्या दिवशी दुपारीच पाणी घातलं होतं, तांब्यानं. ती चांगली आहेत."

"झारीला काय दात फुटल्यात का रोपं खायला?" काका म्हणाले. पण त्यांनी मला खाली ठेवलं.

आबांनी एक करवंटी उचलून डोळ्यांजवळ नेली, दुसरी उचलली. देठावरून अंगठा फिरवला. "सुदर्शन, ऊन लागलं तर पान करपतं. असं पिळवटत न्हाई. हे औषधाचं काम हाय. कुठलं औषध मारलं व्हतंस?"

हर्षाली माझ्यापाशी बसली. तिने माझ्या मानेवरची चिंधी उलगडायला सुरुवात केली, एक वेढा, दोन वेढे, तीन. चिंधी आतून पिवळी पडली होती. तिने ती नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. मग तशीच काकांच्या हातात दिली.

काकांनी वास घेतला. त्यांचा चेहरा मी खालून पाहत होते. माणसाला आठवतं तेव्हा तो आधी लांब कुठेतरी बघतो. काकांनी बांधाकडे पाहिलं.

"नोझल तुंबलं व्हतं," ते हळूच म्हणाले. "गाजरगवताला हिच्यातनंच मारलं. पर खळबळली व्हती, दोनदा."

"झारी खळबळली," शीलाकाकू दारातून म्हणाली. "चिंधी काय तुमच्या मामानं धुवायची व्हती?"

काका हर्षालीसमोर उकिडवे बसले. "हर्षे, रोपं मी मारली. तू न्हाई. तुला नाय नाय ते बोललो."

"पण दुपारी पाणी मी घातलं होतं," हर्षाली म्हणाली.

"ते घातलं व्हतं. ती चूक येगळी." काकांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग उठले, मला कानाला धरून उचललं आणि कुंपणाकडे निघाले. "ही आता भंगारात. लई जुनी झाली, तिच्यापायी घरात भांडणं नकोत."

बघा मित्रांनो. आठ दिवस मी तळमळले की खरं बाहेर यावं. ते आलं, आणि शिक्षा कुणाला? मला. ज्याने औषध ओतलं त्याला नाही, ज्या घाईने ओतायला लावलं तिला नाही. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरात औषधाचं भांडं असेल तर ते वेगळं ठेवायला मोठ्यांना सांगा, दोनदा काय, दहादा सांगा. आणि कुणाची चूक ठरवण्याआधी एक करवंटी वाकडी आणि एक सरळ अशी समोर ठेवून बघा. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. तुम्हाला बघता येतं.

काका कुंपणाशी पोचले होते, तेव्हा हर्षाली मागून म्हणाली, "काका, मग पुढच्या वेळी नोझल तुंबलं तर औषध कशात ओतणार?"

काका थांबले. त्यांनी अंगणात पाहिलं. तिथे बादली होती, घमेलं होतं, आबांचा तांब्या होता.

हर्षाली गोठ्यात गेली आणि बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या लाल रंगाचा डबा घेऊन आली. तिने मला काकांच्या हातातून घेतलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि माझ्या पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "तणनाशक. रोपांना नाही." अक्षरं थोडी ओघळली. पण मला आठ दिवस जे सांगता आलं नव्हतं, ते आता कुणालाही लांबून वाचता आलं असतं. यापुढे मी रोपांना कधीच पाणी घालणार नव्हते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तिने मला मोटारीच्या खोलीत, पंपाशेजारच्या उंच खिळ्याला अडकवलं. तिथून दारातून अंगण दिसतं.

मला वाटलं, आता ती धावत जाऊन कपाट उघडेल. आबांनीही तसंच वाटून पडवीतली चटई झटकली. पण हर्षालीने किल्ली फ्रॉकच्या खिशात टाकली. त्या तीन वाकड्या रोपांच्या करवंट्या काकू उकिरड्यावर टाकायला निघाली होती. हर्षालीने त्या तिच्या हातून घेतल्या, पेरूच्या सावलीत नेऊन ठेवल्या, तांब्या भरून आणला आणि खाली बसून तिन्ही रोपांना, एकेकाला, हळूहळू पाणी घालू लागली.